पहिलं बाळंतपण माहेरी, कागद मात्र दवाखान्यात



बियाण्याच्या पिशवीचा टॅग फेकू नका, दुकानदाराकडून पक्की पावती घ्या, हे मी दर हंगामात गावोगाव सांगत फिरते. उगवण झाली नाही की तालुक्याची तक्रार निवारण समिती आधी तेच मागते. हे आता तुम्हाला पाठ झालं आहे. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत टिपून ठेवणारे, ती कोणत्या तारखेला भरवली ते तोंडपाठ सांगणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्याच घरातल्या सुनेचं बाळंतपण कसं झालं याचा कागद विचारला, तर मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू, माझ्याही घरी हेच झालं. कृषी पदविका घेतलेल्या बाईनं दवाखान्याच्या गोष्टी का सांगाव्यात, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझंही तसंच झालं, 2019 च्या नोव्हेंबरात, माहेरच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात. सिझर झालं. घरी सोडताना हातात एक डिस्चार्ज कार्ड मिळालं. त्यावर तारीख, 'सिझेरियन' हा शब्द, मुलीचं वजन आणि औषधांची नावं. बाकी सगळी फाइल तिकडेच राहिली.

2022 मध्ये पुन्हा दिवस गेले तेव्हा मी सासरी होते, शंभरेक किलोमीटर लांब. इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारले. मागच्या वेळी गर्भपिशवीला चीर कसा दिला होता? मी म्हटलं, आडवा, खूण दिसतेय ना पोटावर. त्या म्हणाल्या, वरची खूण आडवी असली म्हणजे आतला चीर तसाच असेल असं नाही. आतला चीर पिशवीच्या खालच्या भागात आडवा असेल, तर बाकी सगळं ठीक असताना पुढच्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. तो उभा असेल किंवा वरच्या बाजूला वाढवावा लागला असेल, तर कळांची वाट बघणं धोक्याचं. पिशवी फाटू शकते, आणि मग आई नि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

दुसरा प्रश्न रक्ताचा. माझा रक्तगट निगेटिव्ह, मुलीचा पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते राहून गेलं, तर आईच्या रक्तात पुढच्या बाळाच्या रक्तपेशींना मारक द्रव्यं तयार होऊ शकतात. तुम्हाला दिलं होतं का? मी आईला फोन केला. आई म्हणाली, "एक महागाचं इंजेक्शन आणायला लावलं होतं बघ." कोणतं, ते तिला काय माहीत! रक्ताची तपासणी मॅडमनी करून घेतलीच, पण जुना कागद आणा म्हणाल्या.

भाऊ दवाखान्यात गेला. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, फाइल हॉस्पिटलची असते, बाहेर देत नाही. दुसऱ्यांदा गेला तर डॉक्टर ऑपरेशनला होते. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले. सरकारी नोकरीनं मला एक गोष्ट चांगली शिकवली आहे, तोंडी मागितलेलं कुणालाच आठवत नाही. दोन प्रतीत अर्ज लिहून नेला, त्यात नियम लिहिला, एका प्रतीवर तारखेसह सही-शिक्का मागितला. शिक्का मारताना तो माणूस जरा चरकला. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. चौतीस पानं.

त्यात ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलं होतं की बाळ निघेना म्हणून चीर मध्यावर वरच्या दिशेनं वाढवला, उलट्या 'टी'सारखा. नर्सच्या तक्त्यावर अँटी-डीची तारीख आणि वेळ होती. इंजेक्शन दिलेलं होतं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं आणि नॉर्मलचा विषय तिथंच संपवला. कळा सुरू व्हायच्या आधीच तारीख ठरवून सिझर केलं.

आता तो नियम. भारतीय वैद्यक परिषदेचे डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे विनियम 2002 सालचे आहेत. 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे आले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितली तर 72 तासांत द्यायची, असं त्यात आहे. त्याही आधी, 1996 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की रुग्ण स्वतःचे कागद मागत असताना डॉक्टरांना गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही. मूळ फाइल दवाखान्याकडेच राहणार, ते बरोबरही आहे. आपल्याला नक्कल हवी. झेरॉक्सचा खर्च मागितला तर द्यावा, त्यावरून हुज्जत घालू नये.

तीन वर्षं हा आकडा नीट लक्षात घ्या. दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर ठेवायला आपणच सांगतो, आणि ते ठेवणाऱ्या बाईची फाइल तोवर रद्दीत गेलेली असू शकते. माझी तीन वर्षं भरायला जेमतेम चार महिने उरले होते. म्हणून मागायचं ते घरी सोडतानाच मागा. 'सगळे कागद द्या' एवढं म्हणू नका, नावानिशी मागा: ऑपरेशनची नोंद, कळांचा आलेख, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, रक्त आणि सोनोग्राफीचे अहवाल, बाळाची नोंद. ही शेवटची विसरू नका. मूल उशिरा चालायला-बोलायला लागलं की बालरोगतज्ज्ञ विचारतात, जन्मल्या जन्मल्या रडलं होतं का? पेटीत ठेवलं होतं का, किती दिवस? आजीच्या आठवणीवर किती विसंबणार!

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय होतं ते मला अजून अवघड वाटतं. तपासण्या गावच्या उपकेंद्रात, बाळंतपण कारखान्याजवळच्या कुठल्या तरी दवाखान्यात, पुढचा हंगाम तिसऱ्याच जिल्ह्यात. अशा बाईनं मागाहून अर्ज करायला परत जायचं कधी? माता-बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीचं पान असतं. खासगीतून आलेल्या कार्डांवर ते कोरं राहिलेलं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. निघायच्या आधी निदान तेवढं भरून घ्या.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय असेल तर आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे साधा अर्ज. नाही मिळालं तर माहितीचा अधिकार, 2005 आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांत एकच विषय, नकलेला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. खासगी दवाखान्यानं टाळलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण उठसूट तिकडे धावू नका. कागद मागितला की केस करणार, असं डॉक्टरांना वाटतं आणि त्यांचीही भीती अगदीच खोटी नाही. अर्जात कारण लिहिण्याची सक्ती नाही, तरी 'पुढील उपचारासाठी' एवढं लिहिलं की निम्मं काम सोपं होतं.

अर्ज बाईच्या नावानं, सही किंवा अंगठा तिचाच. नवरा, सासू जाणार असेल तर तिनं तसं लिहून द्यावं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की जन्मनोंदीला लोक तुमच्याकडे येतातच, 21 दिवसांच्या आत. तेव्हाच विचारा, दवाखान्याचे कागद घेतले का? ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून अर्जाचे शंभर कोरे नमुने छापून आशाताईंकडे ठेवायला फारसा खर्च येत नाही. नमुना असा:

"मी दिनांक अमुक ते अमुक आपल्या रुग्णालयात प्रसूतीसाठी दाखल होते. माझ्या व बाळाच्या संपूर्ण नोंदींच्या नकला पुढील उपचारासाठी हव्या आहेत. 2002 च्या विनियमांनुसार त्या 72 तासांत मिळाव्यात. नकलेचा खर्च देण्यास तयार आहे."

खाली सही, तारीख, फोन नंबर. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. नकला मिळाल्या की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या कागदांशेजारी ठेवा. आणि लेक सासरी परत निघाली की ओटीबरोबर ती पिशवीही तिच्या हातात द्या.