व्यवहारज्ञान नसलेल्या यंत्राचा शब्द

कांदा लावून आणि ऊस तोडून बोटांवरच्या रेषा झिजतात, हे साक्री तालुक्यातील शेंबडे पोरही सांगेल. रेशन दुकानातील यंत्राला मात्र ते ठाऊक नाही. ठसा जुळला नाही, एवढेच ते जाणते. श्रमाने हात झिजला तरी माणूस तोच राहतो, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

ही उणीव जुनीच आहे. संगणकाला व्यवहारज्ञान कसे द्यावे, हा प्रश्न जॉन मॅकार्थी या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1959 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला. 1984 पासून डग्लस लेनाट यांच्या ‘साइक’ प्रकल्पाने नित्याच्या जगण्यातील लक्षावधी विधाने माणसांकरवी लिहवून घेतली. आजची बोलकी यंत्रे अफाट मजकूर वाचून शिकतात. पण अहिराणी आणि भिली बोलणाऱ्यांचे, शेतात व चुलीपाशी मुरलेले शहाणपण त्या मजकुरात कितीसे उतरले आहे?

संशोधन अवश्य व्हावे. आमचा विरोध यंत्राला नाही. अशा यंत्राच्या हाती अखेरचा शब्द सोपवण्याला आहे. ठसा जुळला नाही म्हणून कोणीही हक्कदार वंचित राहणार नाही, ही सरकारची हमी सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात नोंदवून घेतली आहे. कार्यकर्त्यांनी ती प्रत्येक रेशन दुकानात वाचून दाखवावी, आणि यंत्राने नाकारलेल्याच्या पिशवीत त्याच दिवशी धान्य पडेल असे पाहावे. ज्याला सारा गाव ओळखतो, त्याला यंत्राने परका ठरवावे आणि आपण मुकाट पाहावे, हे आम्हांस मान्य नाही.