पिल्लाचे दात आणि घरधन्याची काठी

राखणीच्या कुत्र्याचा विषय शेतीच्या पत्रिकेत कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु खळ्यावरची रास आणि वाडग्यातील शेळ्या ज्याच्या भरवशावर सोडून शेतकरी रात्री डोळा मिटतो, त्या जनावराच्या संगोपनाकडे आपण फारसे लक्ष देत नाही, ही गोष्ट खरी.

पिल्लू तीनचार महिन्यांचे झाले की त्याचे 28 दुधाचे दात पडू लागतात आणि सहासात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात व दाव्याचे टोक, वहाणा, धोतराचा सोगा, मुलांचे हात, जे तोंडापुढे येईल ते पिल्लू चावते. हा खोडसाळपणा नव्हे. तथापि त्यावर घरोघर उपाय दोनच योजले जातात : काठी आणि साखळी. माझ्या मते दोन्ही अनर्थकारक आहेत. मार खाणारे पिल्लू चावणे सोडत नाही. माणसाचा हात जवळ आला की भिऊन चावावे, एवढेच ते शिकते. बांधून ठेवल्याने कुत्रे तिखट होते, ही समजूतही चुकीची आहे. दिवसभर बांधलेल्या पिल्लाची रग जिरत नाही व सुटताच ते भेटेल त्याच्या अंगावर झेपावते. मग कंटाळून त्याला परगावच्या शिवारात सोडून देण्यात येते आणि एका घरची अडचण दुसऱ्या गावाच्या माथी बसते.

नवल असे की, हाच शेतकरी खोंडाला जुवाखाली आणताना केवढा धीर धरतो! शेजारी जुना बैल जुंपतो, आरंभी हलके ओझे देतो. घाईने खोंड बिथरतो हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. तीच समज पिल्लाच्या वाट्यास का येऊ नये?

मुळात आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळतानाच, जोराने चावले की खेळ थांबतो, हे त्यास कळते. घरीही तेच करावे. दात लागताच हात हिसडू नये. खेळ बंद करून पाठ फिरवावी व थोड्या वेळाने जाड कापडाची ओली गाठ चावावयास द्यावी. गाजरही चालते. दाणे काढलेले मक्याचे कणीस, प्लॅस्टिकची सुतळी व शिजविलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांनी आतडे अडते वा फाटते. एकाने थांबवावे आणि दुसऱ्याने हसून हात पुढे करावा, असे घरात चालू नये. सकाळ-संध्याकाळ उन्हाआधी व उन्हानंतर पिल्लास बांधावरून थोडे हिंडवावे. हाडे पक्की होईपर्यंत सायकलीमागे पळवू नये. पिल्लू दमून चिडचिडे झाल्यास निजू द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट प्रत्येक घरी आवर्जून सांगावी. पिल्लाचा दात लागून कातडी फुटली, तर चुना, हळद वा तिखट न लावता जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पिसाळरोग लहान पिल्लापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा कोणी वाचत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन या रोगाची लस टोचून घ्यावी व पुढील टोचणीची तारीख तेथेच लिहून आणावी.