नीटला मार्क कमी पडले? ऑक्युपेशनल थेरपीचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

नीटचा निकाल लागला की पाटस, वरवंड, यवत भागातले पालक मोबाईलवर मार्कांचा स्क्रीनशॉट घेऊन दवाखान्यात येतात. "एमबीबीएस तर नाहीच, बीएएमएसचंही अवघड दिसतंय. मग आता काय मिळेल?" या "काय मिळेल"च्या यादीत हल्ली ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, हे नाव येतं. मिळू शकते का? हो, एमबीबीएसपेक्षा बऱ्याच कमी मार्कांवर मिळू शकते. पण माझ्या मते तुम्ही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे काम तुम्ही कधी पाहिलंय का?

आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात, तो पक्षाघाताचा रुग्ण घ्या. हातापायातली ताकद आणि चालणं यावर मुख्यतः फिजिओथेरपिस्ट काम करतो. पण शर्टाची बटणं एका हाताने कशी लावायची, भाकरी कशी मोडायची, संडासला एकट्याने कसं जायचं, हे शिकवणं ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. कडबाकुट्टीत बोटं गेलेल्या शेतकऱ्याला उरलेल्या हाताने पुन्हा धार काढता यावी म्हणून सराव घेणं, हाताला बसेल असा स्प्लिंट तयार करणं, स्वमग्न मुलाला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवणं, हेही त्यातच येतं. प्रगती हळू होते. एका बटणासाठी तीन आठवडे जाऊ शकतात. इथे चिकाटी लागते, आणि ती नीटच्या 720 मार्कांत कुठेच मोजली जात नाही.

अमेरिकेत या शिक्षणासाठी कॉलेजचे गुण, म्हणजे जीपीए, बघतात. पण बऱ्याच संस्था थेरपिस्टसोबत बसून काम पाहिल्याचे तासही मागतात आणि हाच व्यवसाय का, ते लिहून घेतात. आपल्याकडे फक्त मार्क विचारतात. मार्कांनी सीट मिळाली तरी मुलगा दुसऱ्या वर्षाला म्हणतो, "मला हे नको होतं." त्यात घरच्यांचे पैसे जातात आणि त्याची उमेदीची वर्षंही. म्हणून कॉलेज विचारत नसलं तरी तुम्ही स्वतःला विचारा. पुण्यात एखाद्या पुनर्वसन केंद्रात किंवा लहान मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये परवानगी घेऊन चार-पाच दिवस बसा. पाटसहून रेल्वेने जाऊन-येऊन होतं.

हा व्यवसाय आपल्याला वाटतो तितका परका नाही. देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, ती कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झाल्या. बारामतीच्या पुढे फलटणला 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आहे ना, ती त्यांच्याच नावाची.

आता मार्कांचं. नीटमध्ये 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मे मार्क. तुमचे मार्क फिजिक्सने खाल्ले असतील आणि जीवशास्त्र बरं असेल, तर घाबरू नका. पण जीवशास्त्रच नकोसं वाटत असेल तर थांबून विचार करा. शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय सुरुवातीलाच समोर येतात, आणि हाताचे स्नायू व नसा पाठ असल्याशिवाय पुढे काही चालत नाही. अभ्यासक्रम "सोपा" आहे असं कोणी सांगत असेल तर त्याने तो केलेला नाही.

फक्त या प्रवेशासाठी लातूरला पाठवून दुसरा-तिसरा ड्रॉप घ्यावा, असं मला वाटत नाही. त्यापेक्षा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजला कितीवर प्रवेश थांबला ते पाहा. मुंबई महापालिकेची आणि सरकारी कॉलेजं वर असतात. खाजगीत मार्क कमी चालतात, पण फी भरपूर. तुमच्या मार्कांवर खाजगीच मिळत असेल, तर पूर्ण कोर्सची फी, वसतिगृह आणि मेस धरून हिशोब आधी करा. "डोनेशन द्या, सीट पक्की" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि तिथल्या पदवीवर राज्य परिषदेत नोंदणी होते का, हे कागदावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

दरवर्षी होणारी एक चूक: "एवढ्या मार्कांत काय मिळणार" म्हणून मुलं राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत नोंदणीच करत नाहीत. नोंदणी नाही तर गुणवत्ता यादीत नाव नाही, मग पुढच्या फेऱ्यांत जागा रिकाम्या राहिल्या तरी उपयोग शून्य. आणि डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर हे दाखले निकालानंतर मागायला गेलात तर सेतू केंद्रात रांग असते. जात पडताळणीला तर त्याहून वेळ लागतो. बारावीचं वर्ष सुरू असतानाच अर्ज टाकून ठेवा.