मनातला हिशेब आणि वहीतला हिशेब

दोन वर्षे मी संगणकावर पैसे लावून पोकर खेळलो, हे आज कबूल करतो. कुणी विचारले तर छातीठोकपणे सांगे, ‘थोडाफार फायद्यातच आहे.’ एकदा बायकोने शांतपणे विचारले, “किराण्याची वही ठेवतो, मग याची का नको?” त्या दिवसापासून तारीख, वेळ, लावलेले आणि परत आलेले पैसे लिहू लागलो. सहा महिन्यांनी बेरीज केली. तोटा १९ हजारांचा!

मन जिंकलेले डाव जपते, हरलेले विसरते. अर्थात, चार दिवसांची वहीही फसवते. हाती दोन एक्के आले, तरी एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्याही पत्त्यांसमोर ते शंभरांत सुमारे १५ वेळा हरतात. खेळ सुधारला की नशीब फळले, हे कळायला हजारो डाव लागतात. तोवर निकाल नव्हे, आपला निर्णय तपासावा लागतो. शिवाय कंपनी डावांतून आपला वाटा कापून घेते. म्हणजे सारखेच तरबेज खेळाडू बसले, तर शेवटी सगळेच तोट्यात.

२००३ साली क्रिस मनीमेकर हा अमेरिकन हिशेबनीस इंटरनेटवरच्या स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्याचे नाव जगाला ठाऊक आहे. हरलेल्यांच्या वह्या कोण छापणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. माझा खेळ त्याआधीच वहीने थांबवला होता. पत्ते असोत वा शेअर, घरातले कुणी ‘मी फायद्यात आहे’ म्हणाले, तर रागावू नका. वही मागा.