एंटर मारण्याआधी मॅन पान

जयसिंगपुरात पत्ता सांगायला लागा, पहिला प्रश्न येतो, "कितवी गल्ली?" युनिक्सच्या मॅन पानांचंही तसंच. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून विभागांना नंबर आहेत. 'मॅन प्रिंटएफ' म्हटलं की पहिल्या विभागातली शेलची कमांड भेटते. सी भाषेतलं फंक्शन हवं तर 'मॅन ३ प्रिंटएफ'.

आपली पोरं मात्र नेटवरची कमांड उचलून थेट चिकटवतात. लिनक्सवरचं 'सेड -आय' मॅकवर तसंच टाकलं तर निदान एरर तरी येते; 'आरएम' चुकलं की फाईल गेलीच. मॅन पान सहसा तुमच्याच मशीनवरच्या व्हर्जनचं असतं, नेट नसतानाही उघडतं. इंग्रजी रुक्ष आहे, मान्य. पण दोन मिनिटं वाचा की राव! शोधायला स्लॅश, बाहेर यायला क्यू. बास.