पट्टा ओढावा की पट्ट्याने आपल्याला?

आमच्या काकांच्या खोलीत खुंटीला पाच स्प्रिंगांचा एक चेस्ट एक्स्पांडर टांगलेला असे. पाचही स्प्रिंगा ताणील तोच खरा गडी, अशी आम्हां मुलांची समजूत होती. ती समजूत पन्नाशी उलटली तरी आमच्या मनातून गेली नव्हती, हे शाळेच्या बास्केटबॉल संघासाठी रबरी पट्टे घेताना उघडकीस आले. दुकानदार ज्यांना ‘रेझिस्टन्स बँड’ म्हणतात, त्यांतले सर्वांत रुंद व जाड पट्टे आम्ही मोठ्या दिमाखाने उचलले. पैसा सरकारी, तेव्हा वस्तू दणकट हवी, हा मुख्याध्यापकी विचारही त्यामागे होताच.

इंदुरात बास्केटबॉलचे वेड जुने आहे. मुलांनी उत्साहाने सुरुवात केली. आठवड्याभराने नववीतील एक मुलगी म्हणाली, “सर, मी पट्टा ओढतेय की पट्टा मला, काही कळतच नाही.” आम्ही हसलो. हसण्याऐवजी तिच्याकडे नीट पाहिले असते, तर बैठक घालताना तिचे दोन्ही गुडघे आत वळत होते व पाठ वाकत होती, हे तेव्हाच ध्यानी आले असते. उडी मारून खाली येताना असाच आत वळलेला गुडघा मोठी दुखापत करून जातो, आणि मुलींच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

पट्ट्याचा गुण असा, की तो जितका ताणावा तितका जड होत जातो. पाच किलोचे डंबेल आरंभापासून अखेरपर्यंत पाचच किलोचे असते. पट्ट्याचे तसे नाही. पट्टा पायांखाली व खांद्यांवरून घेऊन बैठकीतून उठू लागलो, की खाली, जिथे पाय दुबळे असतात, तिथे तो हलका राहतो आणि पाय सरळ होऊ लागतात तसा जड होतो. उंच उडी ज्या खेळाचा प्राण, त्याला हे सोयीचे आहे. परंतु पट्टाच आवाक्याबाहेरचा असेल, तर खेळाडू अर्ध्यावरच थांबतो, नाहीतर कमरेने हिसका देतो. म्हणून बारा ते पंधरा वेळा ओढता यावा, शेवटचे दोन-तीन वेळा जड जावे, पण ढब मोडू नये, असा पट्टा निवडावा. रंगावर विसंबू नये. एका कंपनीचा हिरवा तो दुसरीचा निळा असतो. आणि परत येणे सावकाश हवे: ताणण्यास एक सेकंद, तर सोडण्यास दोन-तीन. पट्टा सटकन सुटू दिला, की निम्मा व्यायाम वाया गेला.

त्या मुलीला आम्ही मग हलका, आखूड, गोल पट्टा दिला. तो गुडघ्यांच्या किंचित वर चढवायचा, बचावाच्या पवित्र्यात अर्धे वाकायचे व बाजूला दहा पावले जाऊन तसेच परतायचे. पाय जवळ येऊ द्यायचे नाहीत, गुडघे पंजांच्या रेषेत ठेवायचे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. काही मुले मनगटाला पट्टा बांधून बास्केट करू पाहतात. ते आम्ही बंद केले. कडी १० फुटांवर, चेंडू जेमतेम ६०० ग्रॅमचा. तिथे हाताचा अंदाज लागतो, आणि मागून कोणी ओढत असेल तर तो बिघडतो.

एक गोष्ट सांगणे जिवावर येते. व्हरांड्याच्या गंजक्या गजाला पट्टा अडकवून एक मुलगा ताणत होता. गजाच्या कडेने रबर कातरले, पट्टा तुटला आणि टोक त्याच्या भुवईवर बसले. डोळा थोडक्यात वाचला. त्याच्या आईसमोर उभे राहताना आम्हांस शब्द सुचेना. ती जागा आधी हाताने चाचपून पाहणे आमचे काम होते, ते आम्ही केले नव्हते.

आता प्रत्येक पट्टा आधी उजेडात धरून, ताणून पाहिला जातो. बारीकशी चीर दिसली तरी बाद. ज्यांच्या कातडीला रबराने खाज सुटते, त्यांच्यासाठी कापडी पट्टे वेगळे ठेवले आहेत. उन्हाने व तेलाने रबर लवकर कुजते, म्हणून सारे पट्टे ग्रंथालयाच्या थंड कपाटात असतात. कपाटाची किल्ली त्या नववीतल्या, आता अकरावीत गेलेल्या, मुलीकडे आहे. जाड पट्टा मागणाऱ्याला ती आधी हलक्यावर पंधरा बैठका काढून दाखवायला लावते.