हेडलाइटचा जादा उजेड : गिऱ्हाईक मागेल तेच द्यायचे काय?

रात्रीच्या वेळी महामार्गावरून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास येतो. समोरून गाडी येते, तिचा पांढराशुभ्र झोत थेट डोळ्यांवर पडतो आणि दोन-तीन सेकंद रस्ता, खड्डा, कडेने जाणारा सायकलवाला यांपैकी काहीच दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. तेवढे अंतर ड्रायव्हर अंदाजाने गाडी हाकत असतो. अशा वेळी आपण समोरच्याला बोल लावतो. पण तो बल्ब त्याच्या गाडीत बसवला कोणी? आपल्यासारख्याच एखाद्या दुकानदाराने तो विकला आणि आपल्यासारख्याच एखाद्या कारागिराने तो बसवला, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्याची नाना पेठ असो किंवा तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळचे टपरीवजा गॅरेज असो, गाड्यांच्या वायरिंगच्या आणि बॅटरीच्या कामात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे. आणि बोलायचेच तर आधी आमच्यापासून सुरुवात केली पाहिजे.

आमची चूक

आम्ही वर्षानुवर्षे हेच केले. गिऱ्हाईक येई, म्हणे, ‘भाई, उजेड कमी पडतो, शंभरचा बल्ब टाका.’ आम्ही कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० वॅटचा बसवत होतो. दहा मिनिटांचे काम. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. वायर कोणत्या जाडीची आहे, स्विच किती करंट सोसतो, हे आम्ही कधी पाहिले नाही.

मग आमच्याच नेहमीच्या गिऱ्हाइकाचा टेम्पो कापडाचे तागे घेऊन मालेगावहून भिवंडीकडे येत असताना कसारा घाटात रात्री दोन्ही हेडलाइट एकदम विझले. स्टिअरिंगखालच्या स्विचमधले पॉइंट जळाले होते आणि बल्बचा एक होल्डर वितळून वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. सुदैवाने वेग कमी होता, ड्रायव्हरने गाडी अंदाजाने कडेला घेतली. माणसे वाचली, मालही वाचला. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ दुकानात आला. त्याने आवाज चढवला नाही. वितळलेला होल्डर फक्त काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, ‘मला यातले काही कळत नाही, म्हणून तर तुमच्याकडे येतो.’ त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही जादा वॅटचा बल्ब नुसता काढून द्यायचे बंद केले.

वॅटचा हिशेब

बल्ब मोठा घातला की तेवढेच जास्त दिसते, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब मांडला तर तो टिकत नाही.

पहिली गोष्ट करंटची. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर करंट घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब साडेसोळा अँपिअरच्या पुढे जातात. कंपनीने वायर आणि स्विच पहिल्या आकड्यासाठी दिलेले असतात. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट दीडपटीहून थोडा जास्त झाला की वायरीची आणि सांध्यांची उष्णता सुमारे पावणेतीन पट होते. होल्डर वितळतो तो यामुळे. त्यातच बल्बची स्वतःची धग वाढते, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो आणि काही महिन्यांत उजेड पहिल्यापेक्षाही कमी होतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक आहे. त्याला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट दिसतात आणि बल्बच्या पिनेवर १२.६ मिळतात, असे जुन्या गाड्यांत सर्रास आढळते. मधले १.४ व्होल्ट बारीक वायर, जळालेला स्विच आणि गंजलेली अर्थिंग खाऊन टाकतात. त्याच वायरीवर मोठा बल्ब लावला की गळती आणखी वाढते. भोक पडलेल्या पखालीत जास्त पाणी ओतण्यातला हा प्रकार आहे. उलट ती गळती बंद केली तर आहे त्याच बल्बचा उजेड जवळजवळ दीडपट होतो.

तिसरी गोष्ट नजरेची. दुप्पट अंतरावरची वस्तू तेवढ्याच स्पष्टपणे दिसण्यासाठी चौपट उजेड लागतो. त्यामुळे ६० चा १०० वॅट केला आणि सर्व काही सुरळीत चालले, तरी नजरेचा पल्ला फार तर तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. त्यासाठी वायरिंग पेटण्याचा धोका पत्करायचा काय, हे गिऱ्हाइकाला सांगणे आपले काम आहे.

मग गिऱ्हाइकाला काय द्यावे?

उजेड कमी पडतो ही तक्रार खोटी नसते. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवा, असे आमचे म्हणणे नाही. योग्य क्रमाने काम केले तर त्याची तक्रार दूर होते आणि आपल्याला चार पैसे जास्तच मिळतात. आम्ही आता पुढील क्रमाने काम करतो.

आधी मीटर लावावा. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवरचे व बल्बच्या पिनेवरचे व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष बल्बचा नसून वायरिंगचा आहे. हा आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा. डोळ्यांनी पाहिलेला आकडा त्याला पटतो.

नंतर काच आणि रिफ्लेक्टर पाहावे. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करावी. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर कोणताही बल्ब घातला तरी उपयोग नाही. लॅम्पच बदलावा लागेल हे स्पष्ट सांगावे.

त्यानंतर रिले. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले बसवावेत. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणावी. प्रत्येक रिलेच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज द्यावा. ६०/५५ वॅटच्या जोडीसाठी १५ अँपिअरचा पुरतो. ही वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला आणि बल्बकडची वायर ८७ नंबरला जोडावी. ८५ व ८६ या कॉइलच्या पिना आहेत. त्यांपैकी एकीला जुन्या होल्डरची वायर आणि दुसरीला अर्थ द्यावी. अर्थिंगची वायरही तितकीच जाड हवी. आता जुन्या स्विचवर फक्त कॉइलचा किरकोळ करंट येतो आणि खरा भार बॅटरीवरून थेट जातो. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने काम करतो, म्हणून टेस्टरने तपासल्याशिवाय जोडणी करू नये. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार कॉम्प्युटरकडे असतो. तेथे वायर तोडण्याच्या फंदात पडूच नये.

यानंतर बल्ब. तेवढ्याच ६०/५५ वॅटचे, पण जास्त उजेड देणारे बल्ब चांगल्या कंपन्या बनवतात. त्यांचे आयुष्य थोडे कमी असते, तेही गिऱ्हाइकाला सांगावे. निळसर बल्बचा मोह टाळावा. काचेवरचा निळा थर उजेडाचा काही भाग अडवतोच. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून काच तेथेच कमजोर होते. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसावी.

शेवटी फोकस. हे काम बहुतेक जण करतच नाहीत आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडण्याचे मोठे कारण हेच आहे. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. डिपरच्या उजेडाची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यावी. गाडीवर कंपनीने आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. मालवाहू गाडीत माल भरला की मागचा भाग दबतो आणि पुढचे दिवे वर उठतात. म्हणून टेम्पोचा फोकस माल भरलेल्या स्थितीत तपासलेला बरा.

एलईडी आणि दुचाकी

सध्या १०० वॅटच्या बल्बची जागा एलईडीने घेतली आहे. एलईडी करंट कमी घेते, हे खरे. म्हणून वायर जळण्याची भीती कमी, पण डोळ्यांवर झोत जाण्याची भीती जास्त. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची लहानशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत रस्त्यावर राहतो. तार जरा जरी इकडेतिकडे झाली तरी हे गणित बिघडते. एलईडीत तार नसते, चिप्स असतात. त्या नेमक्या त्याच जागी नसल्या की उजेड विखुरतो. आपल्या गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो, पण तो जवळचा. लांबचा रस्ता अंधारातच राहतो आणि समोरचा माणूस मात्र दिपून जातो. जी गाडी कंपनीतूनच एलईडी घेऊन येते तिचा लॅम्पच त्यासाठी बनवलेला असतो. ती गोष्ट वेगळी.

दुचाकीच्या बाबतीत तर फारच जपावे. अनेक मोटारसायकलींना ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. त्याच्या जागी कानस मारून ६०/५५ वॅटचा बल्ब बसवणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप चालू होतो आणि दिवसभर चालूच राहतो. म्हणजे जादा वॅटची धग आणि बॅटरीवरचा ताणही दिवसभर चालू.

कायदा आणि नाव

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा बेताने खाली वळवलेला असावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय गाडीला आग लागली आणि वायरिंग बदललेले निघाले तर विमा कंपनीला बोट दाखवायला आयती जागा मिळते. गिऱ्हाईक अशा वेळी दंडाची पावती घेऊन कोणाच्या दुकानात येईल, हे सांगायला नको.

‘आम्ही नाही दिला तर शेजारचा देईल,’ असे आमचे काही व्यापारी बंधू म्हणतात. आम्हीही हेच म्हणत होतो. शेजारचा देईलही. काही गिऱ्हाइके आमच्या दुकानातून खरोखरच उठून गेली. पण ज्यांनी मीटरचा आकडा पाहिला आणि रिले बसवून घेतला, ते स्वतः परत आले आणि भावालाही घेऊन आले. नुसत्या बल्बवर थोडे पैसे सुटतात आणि तो बसवण्याची मजुरी मागायला संकोच वाटतो. वायरिंग, रिले आणि फोकस यांचे काम मात्र अर्ध्या दिवसाचे आहे आणि त्याची मजुरी ताठ मानेने मागता येते. हातात कसब असलेल्या माणसाने केवळ माल विकून पोट भरावे, यात शहाणपण नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बाजारातील चार-पाच ऑटो इलेक्ट्रिक दुकानदारांनी एकत्र बसून ठरवावे की रिले आणि जाड वायरीशिवाय कोणी जादा भाराचे काम करणार नाही, आणि फोकस सेट केल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जाणार नाही. कामाला हात लावणाऱ्या पोरांना पहिल्याच महिन्यात मीटर धरायला शिकवावे. दुकानाच्या भिंतीवर १० मीटरवरून दिसेल अशी फोकसची रेघ मारून ठेवावी. याला फारसा खर्च नाही.

गिऱ्हाईक गाडी आपल्या हवाली करून निर्धास्तपणे चहा प्यायला जाते. ती गाडी आपल्याकडे अमानत असते. आणि त्या गाडीसमोर रात्री जो येणार आहे, तो आपल्याच घरचा माणूसही असू शकतो. तो वितळलेला होल्डर आम्ही अजून काउंटरवर ठेवला आहे. कोणी ‘शंभरचा टाका’ म्हणाले की तो आधी त्याच्या हातात देतो आणि मगच मीटर काढतो.